हड्ड्याचा वज्रपाणी आणि वारशाचे दायित्व

खैबर खिंड ओलांडून पश्चिमेकडे निघालेला प्रवासी काबूल नदीच्या खोऱ्यात उतरला की त्याला जलालाबाद शहर लागते. या शहराच्या दक्षिणेस सुमारे दहा-बारा किलोमीटरवर हड्डा नावाचे गाव आहे. आज तेथे पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. मातीच्या काही टेकड्या, ढासळलेले चौथरे आणि त्यांच्या भोवती रखरखीत माळ, एवढेच दृश्य दिसते. परंतु १९७९ पूर्वी याच गावाच्या एका टेकडीवर, तपा शोतोर या स्थानी, एक विलक्षण शिल्प आपल्या मूळ जागी बसलेले होते. एका कोनाड्यात भगवान बुद्धांची आसनस्थ मूर्ती होती आणि तिच्या शेजारी एक बलदंड, दाढीधारी पुरुष. त्याच्या खांद्यावर सिंहाचे कातडे होते, शरीराची घडण मल्लाची होती. ग्रीक पुराणकथांशी परिचित असलेला कोणीही त्याला पाहताच 'हेराक्लीज' म्हणून ओळखील. मात्र हेराक्लीजच्या हातात जो सोटा असतो, तो येथे नव्हता. त्या जागी होते वज्र. ग्रीकांचा महावीर येथे तथागतांचा अंगरक्षक वज्रपाणी होऊन बसला होता.

हे शिल्प आज अस्तित्वात नाही. त्याची छायाचित्रे तेवढी उरली आहेत. ते कोणी घडविले, त्यात ग्रीक किती आणि भारतीय किती, यावर पुष्कळ वाद झाले. ते कोणी सांभाळायचे होते, या प्रश्नावर मात्र फारशी चर्चा झाली नाही. वारशाच्या मालकीचा अभिमान बाळगणे सोपे असते. वारशाचे दायित्व स्वीकारणे कठीण असते. हड्ड्याची कथा या दोहोंमधील अंतराची कथा आहे आणि म्हणूनच आपला सांस्कृतिक वारसा सिंधूपलीकडेही पसरलेला आहे असे मानणाऱ्या प्रत्येकाने ती मुळातून समजून घेतली पाहिजे.

आठ मुद्रांचा पहारा

प्राचीन काळी हा सारा प्रदेश नगरहार या नावाने ओळखला जाई. इ.स. ४०० च्या सुमारास चिनी यात्रेकरू फाहियान येथे आला, तेव्हा हड्डा हे बौद्ध जगतातील एक महत्त्वाचे तीर्थक्षेत्र होते. बुद्धांच्या मस्तकाची अस्थी येथील विहारात जपलेली आहे, अशी श्रद्धा होती. 'हड्डा' या नावाचा संबंध 'हड्ड' म्हणजे अस्थी या शब्दाशी लावला जातो, तो त्यामुळेच. फाहियानने या अस्थीच्या संरक्षणाची जी व्यवस्था वर्णिली आहे, ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. अस्थी चोरीस जाऊ नये म्हणून राजाने राज्यातील प्रतिष्ठित कुळांतील आठ पुरुषांची नेमणूक केली होती. प्रत्येकाजवळ स्वतःची स्वतंत्र मुद्रा असे. दररोज प्रातःकाळी ते आठही जण विहारात येत, आपापली मुद्रा अभंग असल्याची खात्री करून घेत आणि मगच द्वार उघडले जाई. सुगंधी जलाने हात धुऊन अस्थी बाहेर आणली जाई आणि राजा तिची पूजा करी.

या वर्णनातील मर्म केवळ श्रद्धेत नाही. तेथे श्रद्धेला व्यवस्थेची जोड होती. वारसा एका व्यक्तीच्या भावनेवर सोपविलेला नव्हता, तर आठ कुळांच्या सामूहिक उत्तरदायित्वावर सोपविलेला होता.

त्यानंतर सुमारे दोनशे तीस वर्षांनी ह्युएन त्संग याच मार्गाने भारतात आला. अस्थीची पूजा त्याच्याही काळी चालू होती. परंतु नगरहार प्रदेशाचे त्याने केलेले वर्णन विषण्ण करणारे आहे. संघाराम पुष्कळ होते, पण भिक्षू थोडे. अनेक स्तूप ओस पडून मोडकळीस आलेले होते. हे वर्ष साधारणपणे इ.स. ६३० चे आहे. अरबांच्या सेना या भागात पोहोचण्यापूर्वीची ही स्थिती आहे. गांधार परिसरातील बौद्ध केंद्रांच्या ऱ्हासाचे खापर केवळ परकीय आक्रमणांवर फोडण्याची सवय आपल्याकडे आहे. आक्रमणांनी घडविलेला विध्वंस नाकारण्याचे कारण नाही. तथापि, ह्युएन त्संगाची साक्ष एक निराळे सत्यही सांगते. वास्तू उभ्या असताना माणसे कमी होत गेली होती. दान देणारे श्रेष्ठी, आश्रय देणारे राजे, शिकायला येणारे तरुण आणि शिकविणारे आचार्य यांची साखळी तुटली की दगडविटांचे आयुष्य मोजकेच उरते. बाहेरचा घाव नंतर बसतो. आतला आधार त्याआधीच निसटलेला असतो.

चुनेगच्चीतील चेहरे

हड्ड्याचे आधुनिक संशोधन विसाव्या शतकात सुरू झाले. १९२२ मध्ये अफगाणिस्तान आणि फ्रान्स यांच्यात पुरातत्त्वविषयक करार झाला आणि त्यान्वये फ्रेंच पुरातत्त्व मंडळाला उत्खननाचे अधिकार मिळाले. ज्यूल बार्थू या संशोधकाने १९२६ ते १९२८ या काळात हड्ड्याच्या टेकड्या खोदल्या. शेकडो स्तूपांचे अवशेष आणि हजारो मूर्ती बाहेर आल्या. त्यांपैकी काही पॅरिसच्या गिमे संग्रहालयात गेल्या, तर काही काबूलच्या राष्ट्रीय संग्रहालयात राहिल्या.

गांधार शिल्प म्हटले की सामान्यतः निळसर-करड्या पाषाणातील मूर्ती डोळ्यांसमोर येतात. हड्ड्याचे वैशिष्ट्य वेगळे आहे. येथील कलावंतांनी प्रामुख्याने चुनेगच्चीत आणि कच्च्या मातीत काम केले. पाषाणात छिन्नीला मर्यादा असतात. ओल्या चुन्यात आणि मातीत बोट फिरेल तसा आकार येतो. म्हणूनच हड्ड्याचे चेहरे इतके जिवंत वाटतात. ध्यानस्थ बुद्ध, शोकाकुल भिक्षू, मिशाळ सैनिक, दात विचकणारे मारसैन्यातील राक्षस, ओंजळीत फुले धरलेला तरुण अशा अनेकविध व्यक्तिरेखा तेथे आढळल्या. प्रत्येक चेहऱ्याला स्वतःचे व्यक्तिमत्त्व आहे. एकाच साच्यातून काढलेली ही मंडळी नव्हेत.

१९६० च्या दशकात अफगाण पुरातत्त्ववेत्त्यांनी स्वतः तपा शोतोरचे उत्खनन हाती घेतले. आरंभी शैबाई मुस्तमंदी आणि नंतर १९७९ पर्यंत झेमरियालाई तर्झी यांनी हे काम केले. वज्रपाणीच्या रूपातील हेराक्लीज त्यांनाच सापडला. त्याच कोनाड्यात बुद्धांच्या दुसऱ्या बाजूस धान्यफळांनी भरलेले समृद्धीचे शिंग धारण केलेली स्त्री होती. ग्रीकांच्या भाग्यदेवतेचे ते रूप येथे हारितीच्या ठायी विलीन झाले होते. दुसऱ्या एका कोनाड्यातील वज्रपाणीच्या मुद्रेत अभ्यासकांना अलेक्झांडरच्या प्रतिमेचा भास झाला. आणखी एका कक्षात नागराजाचा प्रसंग होता आणि त्याच्या भोवती पाणी, मासे व इतर जलचर मातीतच साकारलेले होते. हे सारे संग्रहालयात न हलविता जागच्या जागी जतन करण्याचा प्रयत्न झाला. उत्खननभूमीलाच संग्रहालयाचे रूप देण्याचा तो एक आदर्श उपक्रम होता.

'ग्रीकांची देणगी' की भारताची निर्मिती?

या शिल्पांतील ग्रीक छटा पाहून युरोपीय विद्वानांच्या एका पिढीने जो निष्कर्ष काढला, तो भारतीय मनाला दीर्घकाळ सलत राहिला. आल्फ्रेड फूशे या फ्रेंच विद्वानाने गांधारकलेवरील आपल्या ग्रंथाचा पहिला खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध केला आणि बुद्धमूर्तीचे मूळ ग्रीक आहे, असे प्रतिपादन केले. याचा सोपा अर्थ असा होत होता की, भारतीयांजवळ विचार होता, पण त्याला रूप देण्याची प्रतिभा नव्हती. ती ग्रीकांनी दिली. साम्राज्यवादाच्या त्या काळात असा निष्कर्ष सत्ताधाऱ्यांना सोयीचा वाटावा, यात नवल नाही.

या मताला भारताच्या बाजूने समर्थ उत्तर दिले ते आनंद कुमारस्वामी यांनी. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी मथुरेच्या परंपरेकडे लक्ष वेधले. यक्षांच्या भव्य मूर्ती घडविणारे शिल्पी या देशात आधीपासून होते. मथुरेचा बुद्ध याच यक्षपरंपरेतून, याच मातीतून उभा राहिला आणि त्यासाठी गांधाराची वाट पाहण्याची गरज नव्हती, असा त्यांचा युक्तिवाद होता. गांधार आणि मथुरा या दोन्ही ठिकाणी बुद्धमूर्तीचा विकास जवळजवळ एकाच काळात आणि बराचसा स्वतंत्रपणे झाला, असे पुढे अनेक अभ्यासकांनी मानले.

येथे आणखी एक कालगणनेचा मुद्दा ध्यानात घ्यावा लागतो. काबूलच्या खोऱ्यातील ग्रीकांची राजसत्ता इ.स.पू. पहिल्या शतकातच मावळली. हड्ड्याची बहुतांश शिल्पे त्यानंतरच्या शतकांतील, म्हणजे कुशाण काळातील आणि त्यापुढची आहेत. ज्यांच्या हातून ही शिल्पे घडली, त्यांच्यावर राज्य करणारा कोणी ग्रीक राजा नव्हता. मग हेराक्लीज तेथे आला कसा? बॅक्ट्रियाच्या ग्रीक राजांच्या नाण्यांवर तो होता, रोमन जगाशी चालणाऱ्या व्यापारातून येणाऱ्या वस्तूंवर तो होता आणि स्थानिक कारागिरांच्या पिढीजात हस्तकौशल्यात तो मुरला होता. तो जेत्याचा देव म्हणून आलेला नाही. सत्ता गेल्यानंतर, जनसामान्यांच्या कलेत मिसळून, तो बुद्धांच्या सेवेत रुजू झालेला आहे.

म्हणून दोन्ही टोकांच्या भूमिका टाळणे इष्ट ठरते. बुद्धमूर्ती ही ग्रीकांची देणगी, हे म्हणणे जितके एकांगी, तितकेच गांधारकलेत ग्रीक काहीच नाही, हे म्हणणेही एकांगी. वस्त्रांच्या चुण्या, केसांची वळणे आणि देहाचे स्नायुबद्ध चित्रण यांत ग्रीक-रोमन संस्कार स्पष्ट दिसतो. तो नाकारून आपल्या पूर्वजांचा गौरव वाढत नाही. प्रश्न प्रभाव होता की नव्हता हा नाहीच. आलेल्या रूपाचे येथे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. हेराक्लीजने आपला सोटा ठेवला आणि वज्र हाती घेतले. तो मुख्य देवता राहिला नाही. करुणामूर्ती तथागतांच्या पायाशी रक्षक म्हणून बसला. रूप बाहेरचे, प्रयोजन येथले. शब्द उसने, वाक्य आपले. ज्या समाजाचा स्वतःच्या तत्त्वावर दृढ विश्वास असतो, त्यालाच असा स्वीकार झेपतो. भयग्रस्त समाज दारे लावून घेतो. आत्मविश्वास असलेला समाज पाहुण्याला घरात घेतो आणि त्याला घरच्या कामाला लावतो.

संवादाची परंपरा

हा स्वीकार अकस्मात घडलेला नाही. त्यापूर्वीची कित्येक शतके भारत आणि ग्रीक जग यांच्यात देवाणघेवाण चालू होती आणि तिचा ओघ दोन्ही दिशांनी होता. कंदाहार येथे १९५८ मध्ये सम्राट अशोकाचा द्वैभाषिक शिलालेख सापडला. तो ग्रीक आणि अरेमाइक भाषांत आहे. आपल्या सीमेवरील ग्रीक प्रजेशी अशोक तिच्याच भाषेत बोलला. 'धर्म' या संकल्पनेसाठी त्या लेखात 'युसेबिया' हा ग्रीक शब्द योजला आहे. भारतीय विचाराचे ग्रीक भाषेत रूपांतर करण्याचा हा राजकीय पातळीवरील प्रयत्न इ.स.पू. तिसऱ्या शतकातील आहे.

मध्य प्रदेशातील विदिशेजवळचा गरुडस्तंभ सर्वपरिचित आहे. तक्षशिलेच्या अंतलिकित राजाचा दूत म्हणून आलेल्या हेलिओदोरसाने तो देवाधिदेव वासुदेवासाठी उभारला आणि स्वतःला 'भागवत' म्हणवून घेतले. या परिसराचे उत्खनन विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी केले. अफगाणिस्तानच्या उत्तर सीमेवरील आइ खानूम या ग्रीक नगरीच्या उत्खननात १९७० मध्ये अगाथोक्लीज राजाची नाणी मिळाली. त्यांवर वासुदेव आणि संकर्षण यांच्या प्रतिमा आहेत. मिनँडर राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात अमर झाला. कनिष्काच्या काही नाण्यांवर बुद्धांची प्रतिमा असून शेजारी ग्रीक लिपीत 'बोद्दो' अशी अक्षरे आहेत. ही सारी उदाहरणे एकत्र ठेवली की हड्ड्याचा वज्रपाणी अपवाद वाटत नाही. तो एका प्रदीर्घ परंपरेचा परिपाक वाटतो.

या परंपरेचे धागे सह्याद्रीपर्यंत आलेले आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभ पाहणारे बहुसंख्य पर्यटक त्यांवरील ब्राह्मी लेखांकडे दुर्लक्ष करतात. त्यांतील अनेक लेख धेनुकाकट येथील यवनांच्या दानाचे आहेत आणि त्या यवनांची नावे भारतीय वळणाची आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी खोदून दिल्याचा, तर चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिल्याचा उल्लेख आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील सतराव्या क्रमांकाचे लेणे उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने कोरविले. त्याच्या वडिलांचे नाव धर्मदेव होते. पित्याचे नाव धर्मदेव, पुत्राचे इंद्राग्निदत्त आणि दान बौद्ध संघाला! गांधारात ग्रीक देवतेला बौद्ध रूप मिळाले आणि महाराष्ट्रात ग्रीक वंशाच्या माणसाने भारतीय नाव धारण केले. दोन्ही घटना एकाच सामाजिक प्रक्रियेची अंगे आहेत.

विध्वंस आणि विस्मृती

१९७९ च्या अखेरीस सोविएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले. त्यानंतरच्या युद्धकाळात तपा शोतोर उद्ध्वस्त झाले. जाळपोळ झाली, लूट झाली आणि जागच्या जागी जतन केलेले मातीचे बुद्ध, वज्रपाणी, नागराज, मासे सारे नष्ट झाले. पाषाणाची मूर्ती फुटली तरी तुकडे उरतात, कच्च्या मातीची मूर्ती फुटली की तिची पुन्हा मातीच होते. काबूलच्या राष्ट्रीय संग्रहालयाची इमारत १९९३ मध्ये अग्निबाणांच्या माऱ्यात सापडली. संग्रहाचा फार मोठा भाग लुटला जाऊन चोरट्या बाजारात गेला. मार्च २००१ मध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती तालिबानने स्फोटकांनी उडविल्या, हे सर्व जगाने पाहिले. त्याच सुमारास संग्रहालयातील मूर्तींवरही हातोडे चालले. हड्ड्याची शिल्पे त्यांत होती.

या विध्वंसामागे मूर्तिभंजनाची कट्टर मानसिकता होती, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. त्याचबरोबर पुरातन वस्तूंचा आंतरराष्ट्रीय बाजारही होता आणि त्या बाजारातील गिऱ्हाईक सुशिक्षित, संपन्न व कलाप्रेमी म्हणविणारे होते, हेही म्हटले पाहिजे. हातोडा मारणाऱ्याने मूर्ती फोडली. विकत घेणाऱ्याने ती तिच्या स्थानापासून, इतिहासापासून तोडली. परिणामाच्या दृष्टीने दोघांतील अंतर फार नाही.

आणखी एक गोष्ट न्यायबुद्धीने नोंदविली पाहिजे. या वारशाचे जे काही वाचले, ते प्रामुख्याने अफगाण माणसांनी वाचविले. तिल्या तेपे येथील सुवर्णनिधीसारख्या मौल्यवान वस्तू काबूलच्या संग्रहालय-कर्मचाऱ्यांनी १९८९ च्या सुमारास गुप्तपणे हलविल्या आणि पुढे अनेक राजवटी बदलल्या तरी त्यांचे स्थान कोणाला कळू दिले नाही. २००१ मध्ये फुटलेल्या हड्ड्याच्या मूर्तींचे तुकडे त्यांनी गोळा करून पेट्यांत भरून ठेवले. शिकागो विद्यापीठाच्या साहाय्याने ते तुकडे जुळविण्याचे काम पुढे काबूलमध्येच हाती घेण्यात आले. तुकड्यांची संख्या सात हजारांहून अधिक होती. कोणत्या कपाळाला कोणते ओठ, कोणत्या खांद्याला कोणता हात, हे शोधत अफगाण तरुण-तरुणी दिवसचे दिवस बसत असत. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची राजवट परतल्यावर संग्रहालय बंद झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुन्हा उघडले गेले. ज्यांचा धर्म आज या मूर्तींना पूज्य मानत नाही, अशा माणसांनी त्या सांभाळल्या. फाहियानने वर्णिलेल्या आठ मुद्राधारकांचे खरे वारस हेच म्हणावे लागतील.

वारसा कोणाचा?

येथे भारतीय समाजाने स्वतःला एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. गांधार ही महाभारतातील गांधारीची माहेरभूमी, तक्षशिला ही पाणिनी व चाणक्य यांच्या स्मृतीशी निगडित भूमी, हे आपल्या व्याख्यानांतून आणि लेखांतून वारंवार सांगितले जाते. मग या वारशासाठी भारतीयांनी प्रत्यक्षात काय केले?

काहीच केले नाही, असे मात्र नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने १९६९ ते १९७७ या काळात बामियानच्या बुद्धमूर्तींचे आणि लेण्यांचे जतनकार्य केले होते. स्वातंत्र्यानंतर अवघ्या दोन दशकांत एका शेजारी देशात जाऊन भारतीय तंत्रज्ञ हे काम करीत होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. फाळणीच्या वेळी लाहोर संग्रहालयाच्या संग्रहाचीही वाटणी झाली आणि भारताच्या वाट्याला आलेली सहाशेहून अधिक गांधार शिल्पे आज चंडीगढच्या संग्रहालयात आहेत. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयातही गांधारकलेचा समृद्ध संग्रह आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सिंधमधील मीरपूरखास येथील स्तूपावरच्या पक्क्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत आणि त्यांत गांधारशैलीचे पडसाद स्पष्ट दिसतात. सुटीच्या दिवशी मुंबईला येणाऱ्या किती कुटुंबांना या दालनाची माहिती आहे?

विद्येच्या क्षेत्रातील स्थिती अधिक चिंताजनक आहे. १९९४ मध्ये लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयाला भूर्जपत्राच्या जीर्ण गुंडाळ्या मिळाल्या. मातीच्या घटांत जपून ठेवलेल्या या गुंडाळ्या हड्ड्याच्या परिसरातूनच आल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. खरोष्ठी लिपीत आणि गांधारी प्राकृतात लिहिलेली ही हस्तलिखिते इ.स.च्या पहिल्या शतकातील असून उपलब्ध बौद्ध हस्तलिखितांपैकी सर्वांत प्राचीन गटात त्यांची गणना होते. या ग्रंथांच्या संपादनाचे मुख्य काम अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड सॉलोमन यांच्या नेतृत्वाखाली झाले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल आदरच आहे. परंतु भारताच्या वायव्येस जन्मलेली लिपी, भारतीय प्राकृत भाषा आणि भारतात उगम पावलेला धर्म यांच्या अभ्यासासाठी भारतीय विद्यार्थ्याला सिॲटल किंवा म्युनिक गाठावे लागावे, ही भूषणावह गोष्ट नाही. एके काळी परिस्थिती वेगळी होती. खोतानजवळ मिळालेल्या गांधारी धर्मपदाची आवृत्ती बेणीमाधव बरुआ आणि शैलेंद्रनाथ मित्र या विद्वानांनी १९२१ मध्ये कलकत्त्यात सिद्ध केली होती. देश पारतंत्र्यात होता, साधने तुटपुंजी होती, पण अभ्यासाची ईर्ष्या होती. आज साधने आहेत. ईर्ष्येचे काय?

दायित्वाचा मार्ग

तेव्हा केवळ हळहळ व्यक्त करून थांबण्यात अर्थ नाही. काही गोष्टी शासनाने करावयाच्या आहेत. भारताने ऑक्टोबर २०२५ मध्ये काबूलमधील आपल्या तांत्रिक कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला. अन्नधान्य, औषधे आणि विकासप्रकल्प यांच्या बरोबरीने सांस्कृतिक वारशाचे जतन हा विषयही दोन देशांमधील चर्चेत असला पाहिजे. तेथील राजवटीशी मतभेद असणे स्वाभाविक आहे. परंतु संग्रहालयातील तुकडे जुळविणाऱ्या हातांना प्रशिक्षण, रसायने आणि उपकरणे पुरविण्यासाठी त्या मतभेदांचा अडथळा होण्याचे कारण नाही. बामियानच्या कामाचा पूर्वानुभव भारताच्या गाठीशी आहे. कंबोडियातील अंगकोर येथेही भारतीय पुरातत्त्वज्ञांनी असे काम केले आहे.

काही गोष्टी विद्यापीठांनी करावयाच्या आहेत. पुणे, मुंबई, नाशिक या नगरांत प्राच्यविद्येची थोर परंपरा आहे. तेथे ब्राह्मीचे वर्ग भरतात. त्यांच्या जोडीला खरोष्ठी आणि गांधारी प्राकृताचा नियमित अभ्यासक्रम सुरू करणे अशक्य नाही. दहा विद्यार्थी मिळाले तरी पुरेसे आहेत. एक पिढी तयार होण्यास तेवढे बीज पुरते.

आणि काही गोष्टी समाजाने, कुटुंबांनी, कार्यकर्त्यांनी करावयाच्या आहेत. दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवलेली 'जुनी' मूर्ती कोठून आली, हे विचारण्याची सवय लागली पाहिजे. सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध व्यापाराविरुद्धच्या १९७० च्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९७७ मध्ये मान्यता दिली आहे. आपल्या मंदिरांतून चोरीला गेलेल्या मूर्ती परदेशांतून परत याव्यात अशी मागणी करणाऱ्या समाजाने दुसऱ्या देशातून चोरून आलेल्या मूर्तीला आपल्या घरात थारा देता कामा नये. त्याहून जवळचे कर्तव्य म्हणजे कार्ले, जुन्नर आणि नाशिक येथील लेण्यांची काळजी. यवन इरिलाच्या आणि इंद्राग्निदत्ताच्या लेखांचे अस्तित्व ज्यांना ठाऊक नाही, तेच लेण्यांच्या भिंतींवर आपली नावे खरडतात. सहलीला नेलेल्या मुलांना ती अक्षरे बोट न लावता दाखविणे आणि त्यांचा अर्थ सांगणे, हे एखाद्या मोठ्या परिषदेइतकेच मोलाचे काम आहे. स्थानिक शाखांनी, वाचनालयांनी, शाळांनी एकेका लेण्याचे पालकत्व घेतले, तर शासनाची वाट पाहण्याची गरज उरणार नाही.

हड्ड्याचे मातीचे बुद्ध पुन्हा उभे राहणार नाहीत. तर्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली छायाचित्रे, काबूलमधील पेट्यांत जपलेले तुकडे, पॅरिसच्या संग्रहालयातील मूर्ती आणि लंडनमधील भूर्जपत्रे एवढीच आता त्या तीर्थाची शिल्लक आहे. ही शिल्लक वेगवेगळ्या देशांत विखुरलेली आहे आणि तिच्या अभ्यासकांत भारतीयांची संख्या मूठभर आहे. एका परकीय महावीराला वज्र देऊन आपल्या घरचा करणारा समाज दुबळा नव्हता. त्याच्या वारसदारांनी मोठेपणा सिद्ध करायचा असेल, तर तो ग्रीकांपेक्षा आपण श्रेष्ठ कसे, हे सांगून होणार नाही. त्यासाठी लिपी शिकावी लागेल, तुकडे जुळवावे लागतील, लेण्यांच्या दाराशी उभे राहावे लागेल. प्रातःकाळी येऊन आपली मुद्रा अभंग आहे की नाही, हे स्वतः पाहणारी आठ माणसे प्रत्येक पिढीत निघावी लागतात. ती निघाली नाहीत, तर वारसा कोणाचा, हा वाद जिंकूनही हाती काहीच उरत नाही.